कापगतेजींची सोमवारची गाडी

आमच्या घरी अकरा वर्षं एक मोटरसायकल होती आणि त्या अकरा वर्षांत ती फाटकाबाहेर गेली नाही. ही गोष्ट मी पूर्वी फार अभिमानानं सांगत असे. आता सांगताना लाज वाटते, पण ती सांगितल्याशिवाय देवराम कापगते हा माणूस कळायचा नाही, म्हणून सांगतो.

कापगतेजी कारखान्याच्या पंप हाऊसमध्ये ऑपरेटर होते आणि मी स्टोअर्समध्ये अधिकारी. ते साकोलीकडचे, मी वर्ध्याचा. तेव्हा भिलाई मध्य प्रदेशात होती आणि तिथं विदर्भातून आलेली आम्ही माणसं दोन प्रकारची होतो, मशीनपुढची आणि टेबलामागची. मी इतका टेबलामागचा, की कारखान्यात वीस वर्षं काढूनही हाताला कधी ग्रीस लागलं नव्हतं. कापगतेजींच्या नखांतलं ग्रीस मात्र लग्नाच्या पंगतीतसुद्धा निघत नसे. बुटके, काटक, डोक्यावर पांढरी टोपी, खाकी शर्टाच्या खिशात चष्म्याची डबी. त्या डबीत चष्मा कधीच नसे, खडू असे.

कुठलंही मशीन दिसलं की ते आधी त्याला हात लावत, तोही उलटा, हाताच्या मागच्या बाजूनं. कारण विचारलं तर म्हणत, करंट असला तर हात आपोआप झटकला जातो, सरळ हात लावला तर चिकटतो. ही सवय इतकी अंगात मुरलेली, की चहाचा कप, भाताचं पातेलं, तापानं फणफणलेलं आमच्या मुलीचं कपाळ, सगळ्याला आधी उलटा हात. त्यांनी एकदा माझ्या पाठीलाही असाच हात लावला होता. मी तेव्हा वरिष्ठांचं बोलणं खाऊन पायऱ्यांवर बसलो होतो. हात लावला आणि दोन चहा मागवले.

पंप हाऊसमध्ये प्रत्येक लाइनवर दोन पंप असायचे. एक चालणारा, एक उभा. चालणारा बिघडला तर उभ्यानं लगेच सुरू व्हायचं. कापगतेजींचा सगळा जीव त्या उभ्या पंपात. दर पाळीला ते त्याचा शाफ्ट हातानं पाव फेरा फिरवत आणि खडूनं खूण करत, म्हणजे पुढच्या वेळी कुठून फिरवायचा ते कळावं. ‘उभा हाय म्हणजे चांगला हाय असं नसते, साहेब,’ हे त्यांचं आवडतं वाक्य. मी ते शंभरदा ऐकलं आणि प्रत्येक वेळी ते पंपाबद्दलच आहे असं समजलो.

माझा धर्म नेमका उलटा होता. स्टोअर्सच्या माणसाला वस्तू जपायची असते. माझ्या रॅकवरची प्रत्येक वस्तू ग्रीस चोपडून, कागदात गुंडाळून, बिल्ला बांधून ठेवलेली असे. वस्तू जशी आली तशी बाहेर गेली की मला बरं वाटे, आणि गेलीच नाही तर त्याहून बरं वाटे. कुणी स्लिप घेऊन वस्तू मागायला आला, की मुलगी सासरी पाठवताना बापाला व्हावं तसं मला होई.

एकदा कापगतेजी एक मोटर न्यायला आले. कोरी करकरीत, सहा वर्षं माझ्या रॅकवर. त्यांनी उलटा हात लावला, शाफ्ट फिरवून पाहिला आणि म्हणाले, ही चालायची नाही, एकाच अंगावर पडून राहिली आहे. मी भडकलो. बिल्ला दाखवला, ग्रीस कधी कधी बदललं त्याच्या नोंदी दाखवल्या, नियम वाचून दाखवला. त्यांनी मुकाट्यानं मोटर नेली. दुसऱ्या दिवशी मला पंप हाऊसवर बोलावलं, मोटर सुरू केली, एका लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिच्या बेअरिंगवर टेकवलं आणि त्याची मूठ माझ्या कानाला लावली. आत खडे दळल्यासारखा आवाज होत होता. त्यांनी दोन ओळींची तक्रार केली असती तर माझी बढती गेलीच होती.

त्यांनी तक्रार केली नाही. म्हणाले, तुमच्याकडं अशा आणखी असतील, फिरवून घेऊ. मग वर्षभर आपल्या पाळीनंतर, आठवड्यातून एकदा, ते माझ्या स्टोअर्समध्ये येऊन सगळ्या मोटरींचे शाफ्ट फिरवून जात. त्या वर्षीच्या तपासणीत माझ्या विभागाचं कौतुक झालं. ते मी स्वीकारलं आणि कापगतेजींचं नाव घ्यायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, घेतलंच नाही.

आता त्या मोटरसायकलीकडं येतो. ऐंशीच्या दशकाचे मधले दिवस. मी स्कूटर बुक केली होती आणि माझा नंबर मुलीच्या लग्नापर्यंत लागेल अशी लक्षणं होती. त्याच वेळी एक जपानी बनावटीची, दोन सिलिंडरची, दोन सायलेन्सरची मोटरसायकल बाजारात आली. वेगात तिचा हात धरणारी दुसरी गाडी देशात नव्हती आणि पेट्रोल ती पाण्यासारखं प्यायची, म्हणून शहाणी माणसं तिच्या वाटेला जात नसत. ती लगेच मिळे. महाराष्ट्र मंडळात कुणीतरी माझ्या स्कूटरच्या नंबरावरून चेष्टा केली आणि मी तोऱ्यात म्हणून गेलो, की मी स्कूटर रद्द करतोय, मला वेग आवडतो. हे मी बारा-पंधरा माणसांसमोर बोललो. मग घ्यावीच लागली.

रायपूरहून शोरूमचा माणूस ती चालवत वैशाली नगरातल्या आमच्या घरापर्यंत घेऊन आला. मीटरवर चौतीस किलोमीटर. लायसन्स माझ्याकडं होतं, पण ते कॉलेजात असताना मामाच्या स्कूटरवर मिळवलेलं. रविवारी दुपारी, गल्ली झोपलेली पाहून, मी गाडीवर बसलो, फाटकाच्या आतच किक मारली, क्लच सोडला आणि पुढच्या क्षणी मी आणि गाडी शेजाऱ्यांच्या मेंदीच्या कुंपणात होतो. कुंपण मऊ, त्यामुळं कुणालाच काही झालं नाही. साक्षीदार दोघं, माझी बायको मालती आणि शेजाऱ्यांची गाय. मालती म्हणाली, पुन्हा बसा. मी म्हणालो, सायलेन्सर तापलाय.

तो सायलेन्सर अकरा वर्षं तापलेलाच राहिला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी जाहीर केलं, की अशी गाडी रस्त्यावर झिजवायची नसते, जपायची असते. पुढं हिची किंमत लोकांना कळेल. बोलता बोलता माझा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला. भीतीला इतकं सभ्य नाव मिळाल्यावर ती सोडायची कशाला?

हे कँटीनमध्ये कापगतेजींच्या कानावर गेलं. सोमवारी त्यांची साप्ताहिक सुट्टी. पुढच्या सोमवारी संध्याकाळी, मी ऑफिसातून आल्यावर, ते सायकलवर आमच्या घरी आले, गाडीभोवती एक फेरी मारली, इंजिनाला उलटा हात लावला आणि विचारलं, कधीची उभी हाय? मी म्हणालो, आठ दिवस. त्यांनी डबीतून खडू काढला, दोन्ही टायरांवर खुणा केल्या, चाकं पाव फेरा फिरवली आणि बशीत चहा ओतून प्यायले.

मग दर सोमवारी ते येत राहिले. गाडी मधल्या स्टँडवर उभी करायची, चादर काढून घडी घालायची, कार्ब्युरेटर साफ, प्लग साफ, जुनं पेट्रोल काढून नवं. मग किक. पहिल्या किकेला गाडी सुरू होई. मागचं चाक हवेत असल्यानं एक-एक गिअर टाकून ते चाक फिरवत आणि डोळे मिटून आवाज ऐकत उभे राहत. मीटरची तार पुढच्या चाकाला, त्यामुळं आकडा चौतीसवरच राही. निळा धूर गल्लीभर पसरे. शेजारीण वाळत घातलेली चादर ओढून आत नेई आणि डासांचा बंदोबस्त झाला म्हणून समोरचे आजोबा खूश होत. मी खुर्ची टाकून बाजूला बसलेला, हातात वर्तमानपत्र. येणाऱ्या-जाणाऱ्यांना जतनाचं महत्त्व सांगत असे. घाम कापगतेजींचा, व्याख्यान माझं.

मला एकच धास्ती असे, हे एक दिवस चक्कर मारायला गाडी मागतील. काय उत्तर द्यायचं ते मी तयार करून ठेवलं होतं, त्यात विमा होता, नियम होता, तत्त्व होतं. त्यांनी कधी मागितली नाही. माझ्या हुद्द्याचा दरारा असणार, असं मी समजत होतो.

काही वर्षांनी ती गाडी बनणं बंद झालं आणि माझा भित्रेपणा रातोरात दूरदृष्टी ठरला. तरुण इंजिनिअर गाडी बघायला येऊ लागले. रस्त्यावरच्या तशा गाड्यांचे सुटे भाग मिळेनात, आणि आमच्याकडं ती कोरी. कोजागिरीला मंडळात माझं भाषणच ठेवलं. मी अर्धा तास बोललो. चालवली ती वस्तू आजची, जपली ती उद्याची, असं काहीबाही. पिंपळे नावाचा एक इंजिनिअर मुलगा उठून म्हणाला, न चालणारी गाडी म्हणजे महागडं कपाट झालं. मी त्याला असा काही गप्प केला, की टाळ्या पडल्या. कापगतेजी मागं मोठ्या कढईत दूध ढवळत होते. पुढच्या सोमवारी चाक फिरवता फिरवता ते हसत म्हणाले, ‘भाषण मस्त झालं, साहेब. माझा सोमवार तेवढा सांगाचा राह्यला तुमच्याकडून.’ मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

अकराव्या वर्षी रायपूरहून छाबडाजी नावाचे ट्रान्सपोर्टवाले गृहस्थ आले. जुन्या, दुर्मीळ गाड्यांचे शौकीन. त्यांनी काचेची खोली बांधली होती, तिथं ही ठेवायची होती. अट एकच, मीटर चौतीसच्या पुढं जाता कामा नये. चाळीस झाले तर मला रस नाही, असं त्यांनी हिंदीत दोनदा सांगितलं. गुरुवारी ट्रक पाठवतो म्हणाले. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला मोकळं वाटलं. माझ्या भीतीचा एकमेव पुरावा परस्पर काचेत बंद होणार होता.  तिसऱ्या दिवशी मालती म्हणाली, विकायची तर विका, पण कापगतेजींना तुम्हीच सांगा, मी सांगणार नाही.

त्याच महिन्यात कापगतेजी निवृत्त झाले होते. बायको आणि सामान आधीच गावी गेलं होतं. सोमवारी दुपारच्या गाडीनं ते दुर्गहून निघणार होते आणि सकाळी शेवटचे आमच्याकडं आले, या वेळी पायी, खांद्याला कापडी पिशवी. मी त्यांच्यासाठी रजा टाकली होती. सायकल त्यांनी पंप हाऊसमधल्या कुणाला तरी देऊन टाकली होती. नेहमीसारखी चादर काढली, घडी घातली, सगळं केलं. ते टाकी पुसत असताना मी सांगून टाकलं. त्यांचा हात थांबला नाही. पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं,

‘रायपूरवाला फिरवून राहील का हिले?’

मी म्हणालो, काचेच्या खोलीत असेल, धूळसुद्धा लागणार नाही.

‘म्हंजे नाही फिरवत.’ त्यांनी फडकं घडी करून खिडकीत ठेवलं. ‘साहेब, अकरा वर्षांत मी तुमाले काही मांगतलं नाही. आज मांगतो. मले दुर्गच्या टेशनावर हिच्यावर सोडून द्या.’

माझं तयार उत्तर मला आठवेना. अकरा वर्षं धूर खाणाऱ्या माणसाला नाही म्हणायला लागणारा निर्लज्जपणा माझ्यातही नव्हता. मी आत जाऊन चावी आणली आणि त्यांच्या हातात ठेवली. म्हणालो, तुम्हीच चालवा, मी मागं बसतो. छाबडाजींचं काय व्हायचं ते होईल. हे बोलताना मी स्वतःला फार उदार वाटलो.

त्यांनी चावी परत माझ्या हातात दिली. ‘मले येत नाही. मी सायकलच्या वर कधी गेलोच नाही.’

 स्टँडवर या माणसानं ती गाडी पाचशेहून जास्त वेळा सगळ्या गिअरांत फिरवली होती आणि रस्त्यावर ती दोन पावलंही नेली नव्हती.

‘अन् तुमाले बी येत नाही,’ ते म्हणाले, ‘हे मले पह्यल्याच सोमवारी समजलं. हेडलाइटच्या रिंगमंदी मेंदीचं पान अटकून होतं. मी काढून फेकून देल्लं.’

 अकरा वर्षं हा माणूस माझी व्याख्यानं ऐकत होता. मंडळात टाळ्या पडल्या तेव्हा दूध ढवळत होता. कँटीनमध्ये त्यानं एक वाक्य उच्चारलं असतं, तर माझी दूरदृष्टी सगळ्या कारखान्यात हसण्यावारी गेली असती. आणि एवढं सगळं ठाऊक असूनही दर सोमवारी येऊन त्यानं ती गाडी तयार ठेवली होती. कुणासाठी, हे मला त्या दिवशी कळलं.

मी कसंबसं विचारलं, दोघांनाही येत नाही तर जायचं कसं?

‘तुमी हँडल पकडा. गेर कवा बदलाचा ते मी सांगतो, आवाजावरून.’

मी विचार करत उभा होतो तोवर मालतीनं फाटक उघडलं.

फाटकातच गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली. पिशवी पोटाशी धरून कापगतेजी मागं बसले होते, मला धरलं नव्हतं, कारण मी आणखी घाबरेन असं त्यांना वाटलं असावं. इंजिनाचा आवाज चढला की ते खांद्यावर एक बोट टेकवत. मी गिअर बदले. सुपेल्याच्या चौकात एक ट्रक आमच्या अंगावरून गेल्यासारखा गेला. मी डोळे मिटले आणि हँडल सरळ धरलं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. त्यानंतर दुधाचे कॅन लावलेला एक सायकलवाला घंटी वाजवून आम्हाला ओलांडून गेला. देशातल्या सगळ्यांत वेगवान गाडीवर आम्ही दोन पोक्त माणसं घामाघूम होऊन चाललो होतो.

नेहरू नगर मागं पडलं आणि रस्ता सरळ, मोकळा लागला. खांद्यावर बोट आलं. ‘आता खोला थोडीशी,’ ते म्हणाले. मी खोलली. स्टँडवर ऐकलेला तो आवाज आता रस्ता मिळाल्यामुळं वेगळाच लागला, गाडी एकदम हलकी झाली आणि मी मोठ्यांदा हसायला लागलो. मागून कापगतेजीही हसत होते. पन्नाशीला टेकलेला मी इतका आनंदात कधी होतो, मला आठवत नाही. आणि हे आपण अकरा वर्षं स्वतःला मिळू दिलं नाही, याचं वाईटही तेव्हाच वाटलं.

दुर्ग स्टेशनाबाहेर थांबलो. मीटरवर त्रेचाळीस. छाबडाजींचा विषय तिथंच मिटला. कापगतेजी उतरले, पण चालले नाहीत, सीट धरून उभे राहिले. मी पाहिलं, त्यांचे पाय लटलट कापत होते.

‘तुम्हाला भीती वाटली?’

‘लय वाटली. सुपेल्यात त देव आठवले.’

‘मग बसलात कशाला?’

त्यांनी पिशवी खांद्याला लावली. ‘कोणी मांगं बसल्याबिगर तुमी निघालेच नसते, साहेब.’

मी म्हणालो, प्लॅटफॉर्मवर येतो, तुम्हाला गाडीत बसवतो. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी वेळ काढतोय हे त्यांनी ओळखलं. परतीची वाट मला एकट्याला जायची होती आणि खांद्यावर बोट टेकवणारं कुणी नसणार होतं. गाडी लावून प्लॅटफॉर्मवर गेलो असतो तर येताना ती तिथंच ठेवून रिक्षानं आलो असतो, याची मला खात्री आहे. त्यांनाही असावी. ते म्हणाले, तुम्ही आधी निघा, तुम्ही गेलात की मी आत जातो.

मला त्यांच्याशी काही बोलायचं होतं. सोमवारांबद्दल, त्या मोटरीबद्दल, तपासणीत न घेतलेल्या नावाबद्दल. किक मारण्यात सगळं राहून गेलं. पाचव्या किकेला गाडी सुरू झाली आणि ती बंद पडायच्या आत निघावं लागलं.

ती आमची शेवटची भेट. पुढच्या उन्हाळ्यात गावाहून, कापगतेजी गेल्याचं, त्यांच्या भावाचं पत्र आलं, ते मी अजून ठेवलं आहे. पण मला ते दिसतात ते त्या दिवशीच्या आरशात. गाडी इतकी थरथरत होती, की आरशात त्यांचा चेहरा कळत नव्हता, पांढरी टोपी तेवढी दिसत होती, आणि ती स्टेशनाकडं वळत नव्हती. त्यांची गाडी लागायची वेळ झाली होती तरी ते तिथंच उभे होते. मागं वळून नीट बघावं असं फार वाटलं. पण वळलो असतो तर पडलो असतो, आणि पडलो असतो तर ते धावत आले असते आणि त्यांची गाडी चुकली असती. म्हणून मी दुसऱ्या गिअरमध्ये, डोळे पुसायलाही हात न सोडता, समोर बघत चालवत राहिलो.